झडपांवरचा थर

आमची डिझेल गाडी दोन वर्षांत जेमतेम अकराशे किलोमीटर चालली होती, आणि बाबांना त्याचा अभिमान होता. देवळीतल्या आपल्या कापडाच्या दुकानात ते सायकलनं जात. गाडी फक्त आईसाठी होती. तिचं हृदय कमजोर. अचानक वर्ध्याला न्यावं लागलं तर कुणाची वाट पाहायची नाही, म्हणून २००७ मध्ये घेतलेली. रोज सकाळी बाबा गाडीला उदबत्ती ओवाळत, वीस मिनिटं जागेवरच इंजिन चालू ठेवत आणि पुन्हा झाकून टाकत.

मी नुकतीच रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले होते. कॉलेजच्या वाचनालयात इंजिनांवरचं एक पुस्तक वाचलं, आणि ती वीस मिनिटं मला खुपू लागली. या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. हवा आत घेणाऱ्या झडपांना ते शिवतच नाही, त्यामुळे त्या धुतल्या जात नाहीत. नुसतं जागेवर चालवलं की तेलाची वाफ आणि धुराची काजळी तिथं थरावर थर चिकटते आणि हवेची वाट बुजत जाते.

"बाबा, आठवड्यातून एकदा केळझरपर्यंत पळवा. इंजिन चांगलं तापू द्या."

"वा, मास्तरीणबाई! नवी गाडी काऊन झिजवू? तुह्या आईले लागन तवा काय बैलगाडी जुंपू?"

नत्थू मेकॅनिक टाकीत सफाईचं औषध ओतायचा. "पेट्रोलच्या जुन्या गाड्यांले चालते, मंग इले काऊन नाई?" टाकीतलं औषध झडपांपर्यंत पोचतच नाही, हे मी त्याला आकृती काढून दाखवलं. त्यानं त्याच कागदानं हात पुसले.

मग मी बोलणंच सोडलं. मला गाडी चालवता येत होती, किल्ली खुंटीवर असायची. तरीही मी ती एकदाही बाहेर काढली नाही.

मार्चमधल्या एका दुपारी आईला श्वास घेता येईना. गाडी थरथरत सुरू झाली. वर्धा रस्त्यावर वेग तिसाच्या वर जाईना. एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला.

"हळूच चालवा, अवो," मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकलेली आई म्हणाली. "घाई नाई."

बाबांचा पाय पॅडलवर पूर्ण दाबलेला होता.

वर्धा चार किलोमीटर, असा दगड दिसला तेव्हा आईचं डोकं माझ्या खांद्यावरून घसरलं.

तेरवीनंतर नत्थूनं इंजिन उघडलं. झडपांवर डांबरासारखा कडक थर होता. एक झडप तर पूर्ण मिटतच नव्हती. बाबा बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"तू हेच सांगून राह्यली होती काय?"

"हो."

नत्थूनं मान वर केली नाही. तो खरवडत होता. "इंजिन खराब नाई झालं, भाऊ. साफ केलं का नव्यासारखी पळते. परवा घेऊन जाजा."

"कुठं?" बाबांनी विचारलं.