नळांच्या दुकानासमोर

पोस्टात त्याला सगळे तुफान म्हणत. पस्तीस वर्षं खांद्याला टपालाची पिशवी लावून तो असा चालला, की त्याच्या वाटेवरच्या कुत्र्यांनीही त्याच्या मागे लागायचं सोडून दिलं होतं. निवृत्तीनंतर मात्र त्याची पोटरी एकशेदहाव्या पावलाला आवळायला लागली. तुफानाने हे कबूल करायचं म्हणजे नाक कापून घेण्यासारखं, म्हणून त्याने सोंग काढलं. संध्याकाळी बायकोबरोबर फिरायला निघाला की तो नळांच्या दुकानाच्या काचेपुढे थांबे आणि दोन मिनिटं नळ बघे. कळ ओसरली की पुढे चष्म्यांचं दुकान, तिथे पुन्हा तेच.

"किती बघाल ते नळ? घरी चार आहेत," बायको म्हणे. पण तीही मुकाट्याने थांबे.

बिंग फोडलं ते मोज्याने. अंगठ्याची जखम महिनाभर भरत नव्हती, ती त्याने मोज्यात दडवली होती. धुवायला घेतलेल्या मोज्यावर बायकोला डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तिने त्याला डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

बाईंनी रक्तदाब आधी दंडाला मोजला, मग घोट्याला. घोट्याचा निम्मासुद्धा नव्हता.

"मांडीतली रक्तवाहिनी तुंबली आहे," त्या म्हणाल्या. "खाली रक्तच पोचत नाही, तर जखम भरणार कशी? असंच राहिलं तर अंगठा जाईल. पुढे पायाचीही खात्री नाही. न थांबता किती पावलं चालता?"

"पाचशे."

"ऐंशी," बायको म्हणाली.

त्याला राग आला. चांगली एकशेदहा होती. तीस पावलं हिने बसल्या बसल्या घशात घातली! पण बायको आणि डॉक्टर एका बाजूला असताना तीस पावलांसाठी कोण भांडणार?

आठवड्याने त्याला टेबलावर आडवं केलं. जांघेपुरती भूल दिली, तिथून बारीक नळी आत सरकवली. चिमुकला फुगा फुगवून वाट मोकळी केली आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून आत जाळीचा स्टेंट बसवला. तो जागाच होता आणि मनातून पार घाबरला होता. नंतर नर्सने तळवा चाचपून "गरम झाला" म्हटलं, तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. सिगारेट बंद, गोळ्या रोज, चालणं रोज, असं बजावून घरी सोडलं. दोन महिन्यांत जखम भरली.

मग एका संध्याकाळी तो नळांचं दुकान न थांबता ओलांडून गेला. पुढे चष्म्यांचं दुकान दिसायला लागलं. छाती फुगवून बायकोला काहीतरी ऐकवायला वळला, तर ती शेजारी नव्हती. ती मागे नळांच्या काचेपुढे उभी होती.

"अगं, चल की!"

"थांबा हो जरा. हा नळ बघा, किती छान आहे."

तो परत आला. तिने डाव्या पायावरचा भार उचलला होता आणि एक हात चौकटीला टेकला होता. नळाकडे ती अगदी मन लावून बघत होती. असं बघणं त्याने वर्षभर स्वतः केलं होतं.

"पोटरी?" त्याने विचारलं.

तिने नळाकडे बघतच मान डोलावली.

"किती पावलं?"

"ऐंशी," ती म्हणाली. "तेव्हा बाईंना माझीच सांगितली होती. तुमची कधी मोजलीच नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुमचं आधी उरकू दे. एका घरात दोन-दोन पेशंट कोण सांभाळणार?"

"उद्या सकाळी बाईंकडे जायचं," तो म्हणाला. ती "बरं" म्हणाली.

नळांचं दुकान घरापासून एकशेदहा पावलांवर होतं. वरची तीस पावलं ती वर्षभर रोज कशी चालली, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. तिची कळ ओसरेपर्यंत तो शेजारी नळ बघत उभा राहिला.