जस्तरावांचा ड्रम

"माणूस जातो, जस्त राहतं," असं जाहीर करून जस्तरावांनी ड्रमवर टिचकी मारली. ड्रम ठणकन वाजला.

"राहतं, पण कुठे राहतं ते विचारतेय मी," बायको म्हणाली. "कपडे वाळत घालायला मला ह्या धोंड्याला वळसा घालून जावं लागतं. रविवारी भंगारवाला येतोय. तोवर ह्याचा उपयोग दाखवा, नाहीतर हा जाईल. तुमचं नंतर बघू."

जस्तराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लोखंडाला जस्त चढवण्याच्या कारखान्यात उभा जन्म गेला, म्हणून गल्लीने ते बहाल केलं होतं. कारखान्यात त्यांना 'गांडूळ' म्हणत. आम्लाच्या वाफा घशात जायच्या तेव्हा बाकीचे आरडाओरडा करायचे, नोकरी सोडून जायचे. जस्तराव खोकायचे, रुमाल बांधायचे आणि पुढचा पत्रा हौदात सोडायचे. "ह्याला कणाच नाही," असं साहेब त्यांच्या माघारी म्हणत. समोरही म्हणत. निवृत्त होताना मात्र जस्तरावांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं: घरचा एक ड्रम जस्ताच्या हौदात बुडवू द्या. साहेब इतके दचकले, की हो म्हणून बसले.

तो हा ड्रम. आतबाहेर चकचकीत. उभ्या नोकरीतलं स्वतःच्या मालकीचं एवढं एकच काम, आणि ते आता भंगारात जाणार होतं.

लेक मातीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने मागे कधीतरी ओल्या कचऱ्याचं गांडूळखत करा, असं सुचवलं होतं. जस्तरावांना ते नेमकं आता आठवलं. ते रोपवाटिकेतून शेणखतासकट पिशवीभर गांडुळं घेऊन आले आणि ड्रममध्ये सालपटं, भाजीची देठं भरायला लागले.

"ह्यात घातलेलं काही सडणार नाही, लिहून देतो."

"अहो, खत म्हणजे सडायलाच हवं ना?"

जस्तरावांनी विचार केला. "सडेल. पण शिस्तीत सडेल."

रोज सकाळी ते झाकण उचलून "काय मंडळी, जेवलात का?" अशी चौकशी करू लागले. खतातून आलेले बारीक पांढरे, उड्या मारणारे किडे आधी दिसेनासे झाले. जस्तराव खूश. "बघ, किडे गेले! जस्ताची स्वच्छता!" मग एका सकाळी त्यांनी चपलेत पाय घातला आणि तो लगेच बाहेर काढला.

"अहो," बायको गॅलरीतून ओरडली, "तुमची मंडळी घर सोडून निघाली!"

ड्रमच्या काठावर, झाकणाखाली, फरशीवर, सगळीकडे गांडुळं. पाणी जायच्या भोकाच्या दिशेने त्यांचा मोर्चा चालला होता.

शनिवारी लेक आली. चमच्याने ड्रम उकरून तिने कपाळाला हात लावला.

"बाबा, सालं आंबतात. ती आंबट ओल जस्त खेचून घेते. गांडूळ उघड्या कातडीने श्वास घेतं, त्याला ते झोंबतं. आणि ते पांढरे किडे गेले म्हणता ना, ते मेले. माती बिघडली की आधी तेच जातात."

"मला वाटलं, स्वच्छता झाली."

"आम्ही एका खोक्यात अर्धी चांगली माती घालतो, अर्धी जस्ताची, आणि मधे गांडुळं सोडतो. दोन दिवसांत सगळी चांगल्या बाजूला."

"सरळ निघून जातात?"

"सरळ नाही, वळवळत. पण जातात."

जस्तरावांनी घसा खाकरला. तो नेहमीसारखाच लगेच सुटला नाही.

"आणि मला गांडूळ म्हणायचे," ते म्हणाले. "तेवढी माझी लायकी नव्हती गं."

"काहीतरीच!" बायको चमच्यावरचं गांडूळ न्याहाळत म्हणाली. "तुम्ही निघून गेला असतात, तर हिचं शिक्षण कोणी केलं असतं? गांडुळांच्या पोरींना शाळा नसते."

लेक आधी हसली. मग जस्तराव हसले, खोकले, पुन्हा हसले.

मग तिघांनी मिळून मंडळींचं पुनर्वसन केलं. बायकोची बुडाला तडा गेलेली प्लास्टिकची बादली होती. भंगारवाल्याने ती दोनदा हातही न लावता नाकारली होती.

"उत्तम आहे," लेक म्हणाली. "पाणी साचणार नाही. फक्त खाली काहीतरी उंच ठेवा, म्हणजे निचरा होईल."

जस्तराव कोणाला काही न विचारता उठले. त्यांनी ड्रम धुतला, पुसला, उपडा घातला आणि त्यावर बादली मांडली. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

रविवारी भंगारवाला आला. बायकोने दारातूनच सांगितलं, "आज काही नाही. ड्रम वापरात आहे."

बादलीत गांडुळं वाढली, पिल्लं झाली, पांढरे किडेही परत आले. बादलीच्या तड्यातून आंबट पाणी खालच्या ड्रमवर ठिबकत राहिलं.

वर्षभरात ड्रम गंजला.