टिटवीच्या पानावरचे नाव

खट्.

एवढा वेळ घर गप्प होते, आणि दाराची छोटी कडी आतून लागली. पाहुणे यायला अजून अर्धा तास होता. पुढच्या खोलीत खुर्च्या गोल मांडून झाल्या होत्या, आणि सात वर्षांची फेना संडासाच्या बंद झाकणावर माझ्यासमोर येऊन बसली होती.

मी एक जुने, वाढदिवसांचे कॅलेंडर आहे. हसू नका मित्रांनो, आमच्याकडे, नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतात, माझी जागा संडासाच्या दारामागेच असते. तिथे माणूस रोज बसतो, त्यामुळे कुणाचा वाढदिवस विसरत नाही. माझ्यावर वार नाहीत, साल नाही, नुसत्या तारखा. म्हणून मी शिळे होत नाही.

एका लहान छापखान्यात माझा जन्म झाला. बारा महिन्यांवर बारा पाणपक्षी छापले, डोक्याला भोक पाडून दोरी ओवली. एप्रिलच्या पानावर टिटवी आहे. फेनाच्या आईच्या, हिल्केच्या लग्नात मी भेट म्हणून आले. तिने निळ्या शाईने एकेक नाव लिहिले. पाहुणे आत जाऊन आले की म्हणत, "हिल्के, तुझ्याकडे संडासातही वाचायला छान मिळतं हो." मला अभिमान वाटे.

कुणी वारले, तर हिल्के त्या नावावर बारीक रेघ ओढी. पणजीच्या नावावर रेघ ओढली तेव्हा फेना शेजारीच उभी होती. तिने विचारले होते, "म्हणजे ती आता येणार नाही?"

"नाही गं राणी, आता नाही यायची."

फेनाने ते मनात ठेवले. मोठ्यांना वाटते, मुले विसरतात.

पुढे वाढदिवस फोनच्या लक्षात राहू लागले. दमटपणाने माझे कोपरे वळले. माझी पाने चाळणारी एकटी फेनाच उरली. आणि तिची बोटे हल्ली एप्रिलवर येऊन थांबत.

आमच्या घरचा वाढदिवस कसा, ते सांगते. येणाऱ्याने गोलातल्या प्रत्येकाचे अभिनंदन करायचे आणि गालावर तीन पाप्या द्यायच्या. लहान मुलांनीही. एकालाही वगळायचे नाही. वगळले की मूल उद्धट, आणि बोल आईला. खिडकीजवळच्या खुर्चीत फेनाचा मोठा काका बसे, गेर्बेन. गल्लीभरच्या सायकली फुकट दुरुस्त करणारा, सगळ्यांना हसवणारा. फेना गोलात फिरत फिरत त्याच्यापर्यंत येई आणि तिचे पाय जड होत. मग ती आधीच माझ्याकडे पळून येऊ लागली.

हिल्के दारावर हलकेच टकटक करी. "फेना, सगळे थांबलेत. काकाला पापी दे की सुटलीस."

बाहेरून आत्या विचारी, "काय गं, पोट बिघडलंय की तोंड?" सगळे हसत. कडी निघे. फेना जाई. मला दोरी होती, पाय नव्हते.

सुरुवातीला सांगितलेली कडी लागली त्या दिवशी मात्र तिने खिशातून तपकिरी मेणाचा खडू काढला. एप्रिल उघडला. टिटवीच्या खाली गेर्बेनचे नाव होते. त्यावर तिने इतक्या जोरात रेघा मारल्या की माझा कागद फाटायला आला.

हिल्केने ते पाहिले तेव्हा तिचा चेहरा उतरला. "जिवंत माणसाचं नाव खोडतात का? तुझी सायकल कुणी नीट केली?" मग तिने जाड पेन आणले आणि खडूच्या वर तेच नाव पुन्हा ठळक लिहिले. फेना बघत होती. गोलात ही गंमत सांगितली गेली. गेर्बेन सर्वांत मोठ्याने हसला. म्हणाला, "पोरीने मला जिवंतपणीच पोचवलं."

त्यानंतर फेनाने खडू हातात घेतला नाही.

हिवाळ्यात शाळेने आईबाबांसाठी एक सभा ठेवली. हिल्के परत आली ती अंगात कोट तसाच ठेवून माझ्यासमोर बसली. हातात एक कागद होता. ती हळू आवाजात वाचत होती. मुलाला त्रास देणारा बहुधा परका नसतो, घरात प्रेमाने येणारा असतो. मुलाला कुणाच्या पापीसाठी, मिठीसाठी भाग पाडू नका. शरीराच्या सगळ्या भागांची खरी नावे त्याला शिकवा, म्हणजे सांगताना शब्द अडणार नाहीत. मूल तोंडाने सांगेलच असे नाही. ते लपेल, पोट दुखते म्हणेल, एका माणसाला टाळेल.

इथे ती थांबली. मान वर केली. मी समोर होते, आणि एप्रिलवरच उघडे होते.

तिने शाईवरून बोट फिरवले. खाली खडूचे मेण अजून हाताला लागत होते. कागद तिच्या मांडीवरून घसरला, तो तिने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार, शाळा अर्धी. फेना दुपारी माझ्याकडे येऊन बसली, कारण शनिवारी बाबाचा वाढदिवस होता. हिल्के बाहेर, दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. "बाहेर ये म्हणायला नाही आले. शनिवारी कुणी येणार नाहीये. तुला हवं तेवढा वेळ बस. मी इथेच आहे."

खूप वेळाने फेना बोलू लागली. माझ्याकडे बघून बोलली, पण आई ऐकत होती. काय बोलली ते मी सांगणार नाही. ते तिचे आहे. हिल्के मध्ये बोलली नाही. शेवटी एवढेच म्हणाली, "तू खरं सांगतेयस. तुझी काही चूक नाही. हे मी गुपित ठेवणार नाही, मदत करणाऱ्या माणसांना सांगणार."

तसे तिने केले. डॉक्टरांना फोन झाला, पुढे पोलीसही आले. सख्ख्या भावाबद्दल ऐकून फेनाचा बाबा बूट घालून दिवसभर तसाच बसून राहिला. आत्याने येणे सोडले. गोलातल्या खुर्च्या कमी झाल्या. पण पापी आता ज्याला द्यावीशी वाटेल त्यालाच, हा घरचा नियम झाला.

मित्रांनो, मी फाटले तर चिकटपट्टी लावता येते. तुम्ही कागदाचे नाही. कुणाचा स्पर्श नकोसा वाटला तर सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि ही गोष्ट तुमच्या आईबाबांनाही वाचायला द्या. मुलाने काही खोडले, तर रागावण्याआधी त्यांनी त्याच्याजवळ बसावे.

त्या बुधवारचे एक सांगायचे राहिले. बोलून झाल्यावर कडी निघाली. हिल्केने फेनाला कुशीत घ्यायला हात पुढे केले, मग थांबून विचारले, "घेऊ?" फेनाने मान डोलावली. आईच्या खांद्यावरून ती माझ्याकडे, त्या ठळक नावाकडे बघत राहिली.

"आई, मी खोडलं होतं ना," ती म्हणाली. "मग तू परत का लिहिलंस?"