दुप्पट वेगाने

"ताई, एक विचारू का?" खुर्चीवरचे आजोबा बाही वर करता करता म्हणाले. "म्हणजे तसं विशेष काही नाही, पण काय होतं बघा… आमच्या घरी आमची जी सून आहे, ती…"

हातमोज्याच्या आत ताईंचा अंगठा आपोआप हलला. मोबाईलवर तो असाच हलायचा. कोणी रेंगाळत बोलू लागलं की पडद्यावर दाबायचं आणि वेग वाढवायचा. आजोबांना तसलं बटण नव्हतं.

"मूठ आवळा, आजोबा. घट्ट. आता मोठा श्वास घ्या."

सुई गेली, नळी भरली, दंडाचा पट्टा सुटला, कापसाचा बोळा बसला. आजोबांची सून काय करते ते अजून सांगून व्हायचंच होतं. "दाबून धरा, चोळू नका," असं म्हणत ताईंनी दाराकडे तोंड केलं आणि हाक दिली, "पुढचा प्रश्न!"

बाहेरच्या बाकांवरची कुजबुज थांबली. मग कोणीतरी फिसकन हसलं.

"पुढचे कोण आहेत ते या," ताईंनी सावरून घेतलं. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

आता यात हसण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा. बाई नोकरी सांभाळून घरबसल्या पदवी घेत होत्या. 'घरबसल्या' हा शब्द ज्याने कोणी काढला, त्याला एकदा आणून त्या रक्त काढायच्या खोलीत उभं करायला हवं. सकाळपासून उभ्याने लोकांच्या शिरा शोधायच्या, जाता-येता बसमध्ये एका कानात प्राध्यापक, भांडी घासताना दुसरे प्राध्यापक, आणि सुट्टीच्या दिवशी सगळे प्राध्यापक मिळून. ताई घरात एकट्या. त्यामुळे कोणाची कटकट नव्हती, आणि 'बास कर आता, झोप' असं म्हणणारंही कोणी नव्हतं.

विभागप्रमुख व्हायचं तर पदवी लागते, असा रुग्णालयाचा नियम. गुडघे कुरकुरायला लागले होते आणि प्रमुखाला बसायला खुर्ची असते, एवढा साधा हिशोब ताई सगळ्यांना सांगत. खरं कारण होतं बाबा. फार वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली आणि ताईंचं कॉलेज दुसऱ्या वर्षातच सुटलं. बाबा लोकांच्या भिंती रंगवायचे. त्या दिवशी हातापायांवरचा रंग न धुताच ते दारात बसले आणि म्हणाले, "ठमे, हे राहूनच गेलं गं तुझं." ताई विसरल्याही होत्या. बाबा विसरले नव्हते. आता ते दूरच्या गावी एकटेच राहत होते, आणि लेक पदवीधर होणार हे अख्ख्या गल्लीला सांगून मोकळे झाले होते.

आज जेवणानंतर अर्धी रजा होती, घरून शेवटचा पेपर द्यायचा होता. हा विषय आधी दोनदा गेलेला. आज गेला की नाव कमी, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात.

आणि ताईंच्या अंगात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. झोप झाली तरी शीण उतरत नव्हता. एक ओळ वाचायची, परत वाचायची, तिसऱ्यांदा वाचताना पहिल्यांदाच वाचतोय असं वाटायचं. मैत्रिणीचा फोन आला की राग यायचा, नाही आला की वाईट वाटायचं. रडून मोकळं व्हावं म्हटलं तर तेही जमेना. रडायलाही ताकद लागते की हो!

दुपारी जेवणाच्या खोलीत एक्स-रेवाली आधीच डबा उघडून बसली होती. ती आणि ताई एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. नाव कोणी घेत नसे, सगळ्यांची ती एक्स-रेवालीच.

"काय गं, पुढचा प्रश्न!" ती म्हणाली.

"पोचलं का इथपर्यंत?"

"अगं, ते आजोबा माझ्याकडे आले ना नंतर. सुनेची सगळी कहाणी ऐकली मी. सून चांगली आहे बरं का, उगाच आपलं तुझं भलतं मत व्हायला नको."

ताई हसल्या. हसणं तोंडापुरतंच होतं. मग त्यांनी फोन काढला आणि बाबांचा सकाळचा निरोप लावला. डोळे अधू झाल्यामुळे बाबांना लिहिता येत नसे, म्हणून ते बोलून पाठवत. हे ताईंनीच सुचवलेलं. "बाबा, फोन नका करत जाऊ, माझे तास चालू असतात. तुम्ही बोलून पाठवा, मी सवडीने ऐकते," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. त्यानंतर बाबांनी आपणहून एकदाही फोन केला नव्हता. निरोप मात्र रोज यायचा.

"ठमेजेवलीसकाहंबरंकेलंसगुडघाकायम्हणतो…" फोन कडकड बोलू लागला.

एक्स-रेवालीचा हात डब्यातच राहिला. "अगं ए! वडील आहेत का घोड्यावर बसलेत?"

"दुप्पट वेगावर ठेवते मी सगळं. वेळ वाचतो. सवय झालीय आता."

"आणि मध्ये हे काय खुडखुड करतेस अंगठ्याने?"

"मध्येच गप्प होतात ना ते. वय झालं आता. तेवढं पुढे ढकलायचं."

खरं म्हणजे ताईंना बाबांचा आवाज असा आवडायचाही. दुप्पट वेगात सगळेच कसे उत्साहात असतात. प्राध्यापकसुद्धा. बाबा मजेत आहेत, असंच गेली दोन वर्षं त्या धरून चालल्या होत्या.

"दे इकडे," एक्स-रेवाली म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला श्वास तरी घेऊ दे." तिने फोन ओढून वेग साधा केला आणि निरोप पहिल्यापासून लावला.

"ठमे," बाबा म्हणाले. आवाज केवढा तरी खाली आलेला, जुना झालेला. "जेवलीस का?"

आणि गप्प.

फोन अडकला असं वाटून ताईंचा अंगठा पुढे गेला. एक्स-रेवालीने त्यांचं मनगट धरलं. "थांब की जरा."

पलीकडे पंखा घरघरत होता. बराच वेळ घरघरला. मग बाबा म्हणाले, "हं. बरं केलंस. गुडघा काय म्हणतो?"

पुन्हा पंखा.

"शेकत जा गं. कंटाळा नको करू. रंगाची ती शिडी होती ना माझी, ती कालच देऊन टाकली. कोणाला, ओळख बघू?"

या वेळी ते फारच वेळ थांबले. दोघीजणी फोनकडे बघत राहिल्या.

"नाही ना ओळखलंस! अगं, भंगारवाल्याला!" बाबा म्हणाले आणि परत थांबले, समोरचं माणूस पोटभर हसून होईपर्यंत थांबावं तसे. मग स्वतःही हसले.

"वय-बिय काही नाही गं," एक्स-रेवाली हळूच म्हणाली. "तुला बोलायला जागा सोडतायत ते."

ताईंनी फोन उलटा ठेवला. दोन वर्षं बाबा रोज आपल्याशी गप्पा मारत होते आणि आपण आपल्याच वाटणीचं बोलणं अंगठ्याने पुढे ढकलत होतो. लाज वाटली. खूप लाज वाटली. एक्स-रेवालीने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि ती शहाणी बाई आपला डबा आवरू लागली.

बसमध्ये ताईंनी प्राध्यापकांना सुट्टी दिली आणि जुने निरोप लावले, साध्या वेगात. सगळे तसेच. पाऊस पडला का तिकडे? थांबणं. अस्सं! सर्दी गेली का? थांबणं. हं, वाफ घे. ताईंची सर्दी कधीच बरी झालेली, पण त्या खिडकीकडे तोंड करून ओठातल्या ओठात "गेली, बाबा" असं म्हणाल्या. शेजारच्या माणसाने चमकून पाहिलं, तर पाहू दे!

घरी आल्या, तोंड धुतलं, लॅपटॉप उघडला. ऑनलाइन परीक्षा म्हणजे कॅमेरा चालू आणि कुठून तरी कोणीतरी बघतंय. पर्यवेक्षकाचा आवाज आला, "मॅडम, खोली फिरवून दाखवा."

ताईंनी लॅपटॉप उचलून गोल फिरवला. पलंग, पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग, पुस्तकं, बंद खिडकी, परत पलंग.

"घरात आणखी कोण आहे?"

"कोणी नाही."

"परीक्षेच्या वेळात कोणी येणार वगैरे?"

"नाही हो. कोणी येत नाही."

"उत्तम," पर्यवेक्षक म्हणाला.

पेपर उघडला. औषधांच्या आणि साहित्याच्या साठ्याचं नियोजन. पहिला प्रश्न येत होता. म्हणजे ताईंना तो येतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. कपाटात वस्तू आहे हे माहीत असावं आणि कपाटापर्यंत चालत जाता येऊ नये, तशातली गत. त्यांनी प्रश्न परत वाचला. बोटं कळांवर ठेवली. 'साठा' एवढं टाइप केलं आणि पुढे काय, ते सुचेना. दुसरा प्रश्न पाहिला, तिसरा पाहिला. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचाच चेहरा दिसत होता, आणि या बाईंना आधी कुठेतरी झोपवायला हवं, असं एखाद्या पेशंटबद्दल वाटावं तसं त्यांना वाटलं.

मग 'साठा' खोडला आणि पेपर जमा करायच्या खुणेवर दाबलं. नक्की का, असं पडद्याने विचारलं. ताई म्हणाल्या, "नक्की," आणि परत दाबलं.

झालं. इतक्या वर्षांचं सगळं एका बोटावर संपलं. वाटलं होतं छाती फुटेल, पण नुसतं रिकामं वाटलं. मग आठवले बाबा. ही गोष्ट त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये. ताईंनी फोन लावला.

"ठमे?" पहिल्याच घंटेला बाबांनी उचलला. "काय गं, काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. बाबा, तो पेपर…"

"झाला? झाला ना? बास, मग आता बोलू नकोस. दमली असशील. पड जरा. मी पाठवतो बोलून, तू सवडीने ऐक."

"बाबा, थांबा ना, मला सांगायचंय…"

"अगं, सांगशील सावकाश. अभ्यासाच्या माणसाचा वेळ खाऊ नये. तूच म्हणाली होतीस ना? मी पाळतो बरं! ठेवतो, ठेवतो."

फोन बंद झाला. ताईंनी परत लावला तर लागेना. तिकडची रेंजच तशी; बाबा मात्र निरोप बोलायला बसलेही असतील. ताई कपड्यांचा ढीग बाजूला सारून पलंगाच्या कडेला बसल्या. थोड्या वेळाने निरोप आला. त्यांनी वेग साधा आहे ना ते दोनदा पाहिलं आणि फोन उशीवर ठेवला.

"ठमे," बाबा म्हणाले. "कसा गेला गं पेपर?"

पंखा घरघरू लागला.

"कोराच दिला, बाबा," ताई म्हणाल्या. स्वतःचा आवाज ऐकून त्या दचकल्या, पण थांबल्या नाहीत. "नाही झालं माझ्याच्याने. तुम्हाला वाईट वाटेल, पण मी फार दमलेय हो, मला आता…"

"वा!" बाबा म्हणाले. "मला ठाऊकच होतं. तुझी आई असती तर आज नाचली असती बघ."

ताईंनी उशीवरचा फोन जवळ ओढला.

"बरं, हे सांग. तू येशील ना, त्याच्या आधी पुढची खोली रंगवून घेतो म्हणतो. आता माझ्याने नाही व्हायचं, माणूस लावू. रंग कोणता देऊ?"

पंखा.

"पिवळा द्या," ताई म्हणाल्या. गाल ओले झाले होते. किती दिवसांनी!

"पांढरा? बरं बाई, तुझं खरं. पांढरा तर पांढरा." बाबा खुशीत हसले. मग जरा घसा साफ केला. "ठेवू मग?"

"नका ना ठेवू."

आणि बाबांनी ठेवलं नाही. शेवटी पाठवायचा बाण दाबायचा असतो, तो त्यांनी नंतर परत येऊन दाबला असणार; तेव्हा मात्र दाबायचा राहिलाच. खुर्ची सरकली. चपला फरफटत लांब गेल्या. कडी वाजली, दार उघडलं. ताई फोनवर वाकल्या.

"कोणाशी एवढ्या गप्पा चालल्यात मघापासून?" लांबून शेजारच्या काकूंचा आवाज आला.

"लेकीशी," बाबा म्हणाले. "पेपर झाला ना तिचा! बरंच बोलली आज."