पट्टी सोडायला लावलेला डोळा

मी पाखऱ्या बोलतोय, चकलांब्याच्या आप्पारावांचा घोडा. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, वय चौदा. दया दाखवायला आला असाल तर परत जा. ती पुष्कळ मिळाली आहे.

तात्याबा माझा मोतद्दार. चारा, पाणी, खरारा सगळं त्याच्याकडे. शर्यतीसाठी मात्र आप्पारावांनी अभिमन्यूला आणलं. पगारी स्वार, नावाजलेला. त्याच्या मांडीखाली मी सात जत्रा जिंकल्या. तो मारायचा. बघ्यांना ते चालायचं.

गेल्या जत्रेत माझा पुढचा खूर दुखत होता.

"मालक, आज ह्याला पळवू नगा," तात्याबा म्हणाला. "पाय टेकंना झालाय."

"नाटकं हायत त्याची," अभिमन्यू हसला. "अन् तुझी बी, म्हाताऱ्या."

पळालो. तिसरा आलो. मग मंडपामागे अभिमन्यूने चाबूक उलटा धरला आणि मूठ माझ्या तोंडावर हाणली. उजव्या डोळ्यावर बसली. भोवती पन्नास माणसं होती. गावातला रामेश्वर फोनवर टिपत होता आणि ओरडत होता, "आनखी एक दे बे!"

त्यानेच ते गावोगाव पाठवलं. स्वतःचा आवाज काढून टाकला, वर रडकं गाणं लावलं.

दोन दिवसांत लाखोंनी पाहिलं. बीडहून, पाटोद्याहून गाड्या आल्या. "पाखऱ्याला न्याय द्या!" घोषणा देण्यात रामेश्वर सगळ्यांत पुढे. आप्पारावांनी अभिमन्यूला हाकललं आणि ओट्यावर उभं राहून भाषण केलं. टाळ्या पडल्या. मला हार घातला. त्यातली शेवंती मी खाल्ली, कारण वैरण टाकायचं त्या गर्दीत कोणाला सुचलं नव्हतं.

डोळा गळत होता. तात्याबाने तो कोमट पाण्याने पुसला, धुतलेल्या धोतराची पट्टी बांधली.

"गेवराईच्या डॉक्टरला बलवा, मालक. डोळा जाईल ह्याचा."

"बलवू की. आदी पट्टी सोड. लोक लांबून आलेत, जखम दिसाय पायजे."

"धूळ जातीय वो आत!"

"तात्याबा, सोड म्हणलं न्हवं?"

त्याने सोडली. लोकांनी माझ्या गालाला गाल लावून फोटो काढले. बायका हळहळल्या, पोरांनी अभिमन्यूला शिव्या दिल्या. हाताहातांत फोन होते. त्यांतला एकही डॉक्टरला लागला नाही.

असं चार दिवस चाललं. मी तात्याबाशिवाय कोणाला धरू देत नाही, म्हणून आप्पारावांनी त्याला दारातून हलू दिलं नाही. पाचव्या दिवशी लोक यायचे थांबले. त्या दिवशी तात्याबा न विचारता गेवराईला गेला आणि डॉक्टरला घेऊन आला.

डॉक्टरने पापणी उचलली. "इतके दिवस काय करत होतात?"

तात्याबा खाली बघत राहिला. माझी मान वर होती.

अभिमन्यू आता दुसऱ्या मालकाकडे आहे. परवा एका जत्रेत जिंकला. फेटा बांधणाऱ्यांत रामेश्वर होता, असं तात्याबा सांगत होता. सांगताना खरारा जरा जोरात चालला.

मी दावणीला आहे. उजवीकडून कोणी आलं की दचकतो. हा माझा स्वभाव नव्हता, आणि ते मला फार लागतं.

तुम्ही शर्यतीला जाल. चाबूक उठेल. तिथेच त्या स्वाराचा हात धरा. जमणार नसेल तर निदान मागून माझ्यासाठी रडत येऊ नका. तुम्ही रडत होतात, तेवढ्या वेळात माझा डोळा गेला.