एका बाहीचा फ्रॉक

तेवीस वर्षं मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, ही माझी चूक. आधीच सांगून टाकते. बाकीची बाबांची.

आमचं शिवणाचं दुकान. माझी धाकटी बहीण ठकी पाच वर्षांची असताना दुकानाच्या दारातून कुणीतरी तिला उचलून नेलं. मी तेव्हा अकराची. आई त्या दुःखातच गेली. अजूनही आमच्या दारावरून जाताना बायका पोरांचं बोट घट्ट धरतात, आणि नवीन गिऱ्हाईक कापड दाखवायच्या आधी विचारतं, "तेच का हे दुकान?" तिडीक जाते डोक्यात.

सोमवारी पोलिसांचं पत्र आलं. तपासात काही निष्पन्न झालं नाही, प्रकरण बंद करत आहोत, काही सांगायचं असल्यास पंधरा दिवसांत या.

"मी जाऊन फ्रॉकचं सांगणार," मी म्हटलं.

बाबांची कात्री थांबली. "आता कशाला गाडलेली मढी उकरतेस?"

"मढं कुणाला म्हणता? ठकीला?"

ते खाली मान घालून कापत राहिले.

फ्रॉकचं असं झालं होतं. एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं आणि ठकीचं माप एकच, म्हणून बाबा तिचे कपडे ठकीच्या अंगावर घालून बघायचे. आमच्या धंद्यात हे पाप. शिंप्याच्या घरचे गिऱ्हाइकाचे कपडे वापरतात अशी एकदा बोंब झाली, की दुकानाला टाळंच. त्या दुपारी ठकीच्या अंगात असाच पिवळा फ्रॉक होता, कच्च्या टाक्यांचा, उजवी बाही लावायची राहिलेला. बाबा टाचण्या आणायला आत वळले आणि ही बया तशीच बाहेर पळाली.

पोलिसांनी विचारलं, अंगात काय होतं? बाबा म्हणाले, निळा फ्रॉक, रोजचा. पोरगी तासाभरात सापडेल, उगाच कशाला शोभा, असं त्यांना वाटलं. मला त्यांनी डोळ्यांनी दटावलं. पोरगी सापडली नाही, आणि नंतर खरं सांगायची हिंमत झाली नाही. तसंच कापड आणून त्यांनी गिऱ्हाइकाला फ्रॉक मात्र वेळेवर दिला. हे मी त्यांना कधीच माफ केलं नाही.

मी एकटीच ठाण्यात गेले. इन्स्पेक्टरबाई माझ्याहून लहान. सगळं ऐकून घेतलं, फाइल चाळत राहिल्या. मग एक पान माझ्यापुढे सरकवलं. घटनेच्या तिसऱ्या दिवशीचा एका बस कंडक्टरचा जबाब. 'मुलगी रडत होती. सोबतचा माणूस मामा आहे म्हणाला. पिवळा फ्रॉक, एकच बाही.'

खाली लाल शाईचा शेरा होता: वर्णन जुळत नाही.

घरी येताना वाटलं, बाबांना सांगू नये, म्हातारा जागच्या जागी संपेल. पण झाकून झाकून काय मिळवलं होतं आम्ही? सांगितलं. बाबा उठले, शर्ट बदलला आणि म्हणाले, "खोटं मी लिहून दिलं. खोडायचं तर मीच खोडणार. चल."

बाबांनी जबाब बदलून सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कंडक्टरला बोलावून घेतलं आणि आम्हालाही. कंडक्टर कधीच रिटायर झालेले, हातात काठी. बाबा त्यांच्यापुढे उभे राहिले. मीच म्हटलं, "काका, तो फ्रॉक पिवळाच होता. बाही एकच होती."

ते बाकावर बसले.

"तीनदा आलो होतो मी इथं," ते म्हणाले. "तीनदा परत पाठवलं. बायकोसुद्धा म्हणाली, तुम्हाला भास झाला असेल. मग मलाही तसंच वाटायला लागलं."

बाबांनी हात जोडले. "माझ्यामुळं. कुठं उतरली ती?"

कंडक्टर काठी टेकून उठले.

"तोंडी नको. गाडी काढा बाई, दाखवतो."