दस्त्यावरचं पान

"चाप राहू दे. लाकडी दस्ता इकडे करा," म्हातारी म्हणाली.

संग्राहकाने रायफल तिच्या मांडीवर आडवी ठेवली. धाटणी दोनशे वर्षांपूर्वीची, पण घडवलेली अलीकडची. कोणी घडवली त्याचा छाप मात्र कुठेच नव्हता. काचपेटीवरच्या पाटीसाठी त्याला कारागिराचं नाव हवं होतं, आणि चार जाणकारांनी त्याला म्हातारीच्या दिवंगत नवऱ्याचं घर दाखवलं होतं.

"बाबांचीच आहे," तिचा मुलगा म्हणाला. चाळिशी उलटली तरी बाबांचा विषय निघाला की त्याची छाती फुगायची. "हे पान बघा ना. ही त्यांची सही."

मुठीजवळ लाकडात बारीक रेघांची जाळी कोरली होती आणि तिच्या कोपऱ्यात एक छोटं पान.

म्हातारीने पानावरून अंगठा फिरवला. नवरा गेल्यापासून तिने त्याच्याबद्दल चांगलंच सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण आज तिला गप्प बसवेना.

"नळी, चाप, सगळं लोखंड ह्यांचं. लाकूड माझं."

संग्राहक हसला. ती हसत नाही हे पाहून थांबला.

"ही काही सही नाही. कोरणी निसटली, रेघ बाहेर गेली. ती झाकायला पान काढलं. गिऱ्हाइकाला आवडलं. मग हे म्हणाले, आता प्रत्येकावर काढ."

"काहीतरीच काय, आई. बाबा स्वतः सांगायचे."

"सांगायचे. बायकोचं काम म्हटल्यावर कोणी घेतलं असतं?" ती त्याच्याकडे वळली. "तुझ्या भुवईवर ती खूण कसली रे?"

"लहानपणी खाटेवरून पडलो होतो. त्याचं इथे काय?"

"तेव्हा मी कुठे होते?"

"कामात होतीस म्हणे."

"हेच काम. तू धपकन पडलास आणि माझा हात हलला."

मुलाची बोटं भुवईकडे गेली. आईने इतकी वर्षं हे पोटात ठेवलं याचं त्याला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला.

संग्राहकाने घसा साफ केला. "काकू, पाटीवर एकच नाव बसतं."

"बारीक अक्षरात लिहा. पण लिहा."

त्याने पेन काढलं. मुलाने वडिलांचं नाव सांगितलं, सवयीने, एका दमात. मग आईचं सांगायला गेला आणि अडखळला. ते मोठ्याने घ्यायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.